भूकंपानंतरचे पाणी, मोरी आणि निवारा

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या समारंभात गाणी व्हावीत, बक्षिसे वाटली जावीत, अल्पोपाहार व्हावा, अशी रीत आहे. अशा मंगल वेळी भूकंप आणि संडास या विषयांवर बोलावयास उभे राहणे म्हणजे लग्नघरी काढ्याची बाटली उघडण्यासारखेच आहे. परंतु कार्यवाहताईंनी विषय विचारला तेव्हा मी मुद्दामच हा सांगितला, आणि त्यांनीही नाक न मुरडता तो कार्यक्रमपत्रिकेत जसाच्या तसा छापला, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानते.

हा विषय निवडण्याचे कारण आपल्या मंडळाच्या जमाखर्चाच्या वहीत आहे. कोठे भूकंप झाला, कोठे महापूर आला, की आपण घरोघर फिरून निधी जमवतो. तो कोणत्यातरी संस्थेकडे जातो, पावती येते, आभाराचे पत्र येते आणि ते पान उलटले जाते. त्या पैशांतून उभ्या राहिलेल्या घरात दहा वर्षांनी कोण राहते, तेथल्या नळाला पाणी येते काय, संडासात माणसे जातात की गोवऱ्या ठेवल्या जातात, हे पाहावयास सहसा कोणी जात नाही. या पाहण्यालाच मोठ्या अहवालांत ‘मूल्यमापन’ असे भारदस्त नाव आहे. नोकरीच्या निमित्ताने अशा पाहण्यांचे काम मी काही वर्षे केले. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील गावे त्यासाठी हिंडले. त्या अनुभवाच्या आधारे चार गोष्टी सांगाव्यात असा विचार आहे.

तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या भगिनींना ती पहाट आठवत असेल. ३० सप्टेंबर १९९३. गणपतीचे विसर्जन करून लोक रात्री उशिरा निजले होते. चार वाजावयास काही मिनिटे कमी असताना जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावे काही क्षणांत दगडामातीचे ढिगारे होऊन पडली. सुमारे ८ हजार माणसे गेली. आपल्याकडे नाशकातही त्या आठवड्यात कपडे, धान्य, औषधे यांचे ढीग जमले होते.

आता लक्षात घ्या, हा भूकंप जगातील मोठ्या भूकंपांत मोडणारा नव्हता. रिश्टर मापाने तो सव्वासहाच्या आसपासचा. मग एवढी माणसे का दगावली? तर घरांनी मारली. मराठवाड्यातील माळवदाचे घर तुम्ही पाहिले असेल. दोन-अडीच हात रुंदीच्या दगडी भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. दर पावसाळ्यापूर्वी गळती थांबविण्यासाठी त्यावर आणखी माती चढावयाची. उन्हाळ्यात असे घर थंडगार असते. माझ्या मते त्या मुलखाला त्याच्यासारखे सुखाचे घर नाही. परंतु भिंत बाहेरून जरी एकसंध दिसली तरी आत ती दोन पदरी असते. आतला पदर वेगळा, बाहेरचा वेगळा, आणि मध्ये चिखल व बारीक दगड. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आडवा लांब दगड, ज्याला गवंडी जोडदगड म्हणतात, तो घातलेला नव्हता. जमीन हलताच दोन्ही पदर फाकले आणि वरचे माळवद झोपलेल्या माणसांवर आले. त्या भागाची गणना तोवर भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होत होती, त्यामुळे काळजी घ्यावी असे कोणाच्या मनातही आले नव्हते.

यानंतर जे पुनर्वसन झाले ते आपल्या राज्यातील अशा प्रकारचे फार मोठे काम होते. जागतिक बँकेचे कर्ज मिळाले, देशातील अनेक संस्थांनी गावे दत्तक घेतली. ज्यांचे फारच नुकसान झाले होते अशी ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमीन नसलेल्यांना आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फुटांचे घर, सात हेक्टरपर्यंतच्यांना ४०० चौरस फुटांचे, त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५० चौरस फुटांचे, असा हिशेब ठरला. तोवर लोक पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये राहिले. तात्पुरत्या म्हणावयाच्या, पण कित्येकांचे तीन-चार उन्हाळे त्यांत गेले. मराठवाड्याच्या मे महिन्यात पत्र्याखाली बाळंतीण कशी निजली असेल याचा विचार आपण येथे पंख्याखाली बसून करू शकतो, तेवढाच.

या कामाचे मूल्यमापन करावयाचे म्हणजे काय करावयाचे? किती घरे बांधली, किती नळ बसविले, किती रुपये लागले, हे मोजणे सोपे आहे. ते कागदावर असतेच. लग्नात किती पाने उठली हे आचारी सांगतो. परंतु शेवटच्या पंगतीला कोणाला काय मिळाले, हे त्या पंगतीत बसलेल्या बायकांनाच ठाऊक असते. माझे म्हणणे एवढेच आहे की पाणी, मोरी आणि घर या तीन गोष्टींचा खरा हिशेब बाईच्या दिवसातील तासांत आणि तिच्या डोक्यावरील ओझ्यात मांडला पाहिजे. असा हिशेब मांडला म्हणजे कागदावर उत्तीर्ण झालेल्या पुष्कळ गोष्टी नापास होतात, आणि क्वचित नापास झालेली एखादी उत्तीर्णही होते.

पाण्यापासून सुरुवात करू. संकटकाळी माणसाला किमान किती पाणी, किती जागा मिळावी याचे ठोकताळे जगातील मदतसंस्थांनी १९९७ पासून एकत्र बसून ठरविले. त्या पुस्तिकेला ‘स्फिअर’ म्हणतात. त्यात म्हटले आहे की माणशी दिवसाला निदान १५ लिटर पाणी मिळावे, पाण्याची जागा घरापासून ५०० मीटरच्या आत असावी, अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ रांगेत उभे राहावे लागू नये, आणि २५० माणसांमागे एक नळ असावा. ऐकावयास चांगले वाटते. आता आपण आपल्या पद्धतीने हिशेब करू. घरात सहा माणसे. माणशी १५ म्हणजे ९० लिटर. डोक्यावर पंधरा-सोळा लिटरचा हंडा आणि कमरेवर आठ-नऊ लिटरची कळशी, असे नेले तर चार खेपा. नळ ५०० मीटरवर म्हणजे एका खेपेला जाऊन-येऊन एक किलोमीटर. चार खेपांना चार किलोमीटर. चालण्याचा एक तास धरा. प्रत्येक खेपेला अर्धा तास रांग धरली तर दोन तास. म्हणजे नियम तंतोतंत पाळला गेला तरी घरातील एका बाईचे, बहुधा शाळेत जाण्याच्या वयाच्या मुलीचे, रोजचे तीन तास पाण्यात गेले. अहवालात मात्र या घरापुढे ‘पाण्याची सोय झाली’ अशी खूण होते. आणि यात म्हशीचे पाणी धरलेलेच नाही. म्हैस पंधरा लिटरवर भागवीत नाही.

त्या २५० माणसांच्या नळाचेही पाहा. पुस्तिका लिहिणाऱ्यांनी गृहीत धरले आहे की नळातून मिनिटाला साडेसात लिटर पाणी येईल. २५० माणसांचे प्रत्येकी १५ लिटर म्हणजे ३,७५० लिटर, साडेसातने भागा. पाचशे मिनिटे, म्हणजे आठ तासांहून अधिक! आपल्या खेड्यांत नळाला पाणी किती वेळ येते हे तुम्हांला मी सांगावयास नको. एखादा तास आले तर सणासारखे वाटते. तेव्हा तो आकडा तसाच उचलून आपल्या गावाला लावला तर तीस माणसांपुरतेच पाणी मिळेल आणि रांगेत भांडणे होतील. तो ठोकताळा चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. पण त्याच्या पोटात कोणती समजूत दडली आहे ते पाहिल्याशिवाय तो वापरू नये. शिवाय हे पंधरा लिटर आपत्तीच्या पहिल्या दिवसांपुरते आहेत. कायमच्या घराला ते पुरेसे समजता येत नाहीत. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी ५५ लिटर, आणि तेही घरात नळाने, असे धोरण ठेवले. सहा माणसांचे ते ३३० लिटर होतात. एवढे पाणी डोक्यावरून आणावयाचे तर चौदा खेपा.

याच हिशेबातून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते, तो म्हणजे संडासाचा. भूकंपानंतर बांधलेल्या वसाहतींतून पुष्कळ ठिकाणी संडास दिले गेले, आणि पुढे अभ्यासकांनी जाऊन पाहिले तर कित्येक ठिकाणी त्यांचा उपयोग अडगळ, कडबा, सरपण ठेवण्यासाठी चालला होता. मीही असे संडास पाहिले. यावर शहरातील मंडळींचे ठरलेले मत असे की खेड्यातील लोकांना सवय नाही, शिक्षण नाही, त्यांना सोय दिली तरी वापरता येत नाही. एका वसाहतीत एका वृद्ध बाईला मी विचारले. तिने संडासाकडे पाहिलेसुद्धा नाही, डोक्यावरील चुंबळ काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, “ताई, ह्या एका माणसाला बादलीभर पाणी लागतंय. सहा माणसं म्हंजी किती बादल्या? आन् त्या आणायच्या कुणी?” यात अडाणीपणा कोठे आहे? तिचे गणित त्या इमारतीचा नकाशा काढणाऱ्यापेक्षा पक्के होते. पाण्याची खेप वाढविणारी सोय ती आपल्या अंगावर का घेईल? पाण्याचा नळ घराशी आला असता तर तिने संडासातील कडबा स्वतःच बाहेर काढला असता. म्हणून पाणी आणि संडास यांची पाहणी दोन निरनिराळ्या खात्यांनी निरनिराळ्या दिवशी करणे हे माझ्या मते निरर्थक आहे.

येथे सवयीचा प्रश्न मुळीच नाही असे मात्र कोणी समजू नये. सवय असतेच आणि ती बदलतेही. आपल्या नाशकात धर्मशाळा बांधणाऱ्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन आयुष्यभर तेच केले, आणि त्यांच्या नावाने २००० साली राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले तेव्हा गावेच्या गावे चढाओढीने कामाला लागली. परंतु खराट्याला पाण्याची जोड लागते.

संडासाकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, याचे एक भयंकर उदाहरण आपल्यापासून फार दूर घडले. जानेवारी २०१० मध्ये हैती या देशात भूकंप झाला. पुढे त्याच वर्षी ऑक्टोबरात तेथे पटकीची साथ सुरू झाली. सुमारे शंभर वर्षांत त्या देशात पटकी पाहिलेली नव्हती. शोध घेता आढळले की संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या एका छावणीतील मैला नीट न मुरवता नदीच्या पाण्यात गेला होता. ८ लाखांवर लोकांना लागण झाली आणि १० हजारांच्या आसपास माणसे दगावली. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी २०१६ मध्ये हैतीच्या जनतेची माफी मागितली. छावणी साहाय्यासाठी होती, सैनिक रक्षणासाठी आले होते. आणि त्यांच्या मैल्याचे खड्डे कोणी तपासले नाहीत. मूल्यमापन हा कागदी सोपस्कार आहे असे ज्यांना वाटते त्यांना मी हे उदाहरण सांगत असते.

आता घर. २५० चौरस फुटांत सहा माणसे. पुस्तिकेप्रमाणे माणशी साडेतीन चौरस मीटर, म्हणजे साधारण ३८ चौरस फूट छपराखालची जागा हवी. सहांचे २२८ झाले. अर्थात २५० चे घर उत्तीर्ण! पण शेतकऱ्याच्या घरात केवळ माणसे राहत नाहीत. धान्याची पोती, औते, बियाणे, पाण्याचे रांजण, देव, शेळी, पाहुणा, आणि आजारी सासू, इतक्यांना जागा पाहिजे. जुन्या घराला पुढे ओसरी होती. तेथे पुरुषमाणसे बसत, रात्री निजत, धान्य निवडले जाई. मागे परस होते, न्हाणी होती, तेथे बाईमाणसाला थोडा आडोसा मिळे. नवे घर म्हणजे चार भिंती, वर सिमेंटचे सपाट छत आणि समोर रुंद रस्ता. छत उन्हाने तापते, रात्री ती धग खाली उतरते. चूल कोठे मांडावी हे नकाशात बहुधा नव्हतेच. मी गेले त्या गावांतून कित्येक घरांपुढे लोकांनी स्वतःच पडवी उतरविलेली होती, आणि बाईचा सारा दिवस त्या पडवीतच जात होता. सरकारी घर सामान ठेवण्यापुरते.

या पडव्यांविषयी अहवालांत ‘अनधिकृत वाढीव बांधकाम’ असा शब्द वाचला म्हणजे मला हसू येते. पण एक गोष्ट हसण्यासारखी नाही. काही ठिकाणी ही वाढीव बांधकामे दगड आणि चिखल यांचीच, जुन्याच पद्धतीने, जोडदगडाशिवाय केलेली आढळली. म्हणजे ज्या भिंतीने माणसे मारली तीच भिंत भूकंपरोधक घराला चिकटून पुन्हा उभी राहिली. घर मजबूत दिले, परंतु मजबूत कसे बांधावे हे घरात राहणाऱ्यांना व त्यांच्या गवंड्याला दिले नाही, त्याचा हा परिणाम. घरे बांधून झाली त्या वर्षीच पाहणी केली असती तर हे दिसले नसते. दहा वर्षांनी दिसले.

गावाच्या मांडणीचीही अशीच गोष्ट. जुन्या गावात गल्ल्या अरुंद, घरे एकमेकांना टेकलेली. नवी गावे शहरातील कॉलनीसारखी सरळ रेषांत आखली, रस्ते रुंद ठेवले, आणि त्यामुळे गाव पूर्वीपेक्षा कितीतरी पट पसरले. भूकंपात अरुंद गल्लीत ढिगाऱ्याखाली अडकलेली माणसे डोळ्यांपुढे असल्यामुळे लोकांनाही मोकळे गाव हवे होते, हे खरेच आहे. पण पसरलेल्या गावाला नळ लांब, गटार लांब, दिवे लांब, आणि दुरुस्ती करणारी ग्रामपंचायत तेवढीच गरीब. घरे जमिनीच्या प्रमाणात मिळाल्याने लहान घरे एकीकडे, मोठी दुसरीकडे. जाऊ-जाऊ, मायलेकी, ज्या हाकेच्या अंतरावर होत्या, त्या लांब गेल्या. रात्री लेकराला ताप आला तर शेजारीण कोण, हा प्रश्न आराखड्यात नव्हता. उलट बाजूही सांगते. पूर्वी गावाच्या कडेला, सांडपाण्याच्या उतारावर ज्यांना राहावे लागे, अशा वस्तीतील काही बायकांना सरळ रस्ता आणि सिमेंटचे घर ही मोठी प्रतिष्ठेची गोष्ट वाटली. तेव्हा ‘गावाला काय वाटते’ असा एक प्रश्न विचारून एकच उत्तर लिहून घेणे बरोबर नाही. गावात अनेक गावे असतात.

मघाशी मी म्हटले की नापास वाटणारी एखादी गोष्ट उत्तीर्णही होते. ती आता सांगते, कारण तिचा आपल्यासारख्या मंडळांशी थेट संबंध आहे. ५२ गावांची नवी वसाहत वर्तमानपत्रांत फार गाजली. परंतु त्याहून कितीतरी मोठे काम होते दुरुस्तीचे. सुमारे २ लाख घरे अशी होती की जी पडली नव्हती, तडकली होती. ती घरमालकांनी सरकारी साहाय्य घेऊन स्वतःच दुरुस्त व मजबूत करावयाची होती. माळवदावरची माती कमी करावयाची, भिंतीत ठरावीक अंतरावर जोडदगड घालावयाचे, कोपरे बांधून घ्यावयाचे, दारे-खिडक्यांच्या वरून घराला कमरपट्ट्यासारखा पट्टा घालावयाचा. यात दिखाऊ असे काहीच नाही. उद्घाटनाची फीत बांधावयासही जागा नाही! प्रारंभी हे काम रेंगाळले. अनुदान कसे मिळते, इंजिनियर काय सांगतो, गवंडी काय करतो, याचा कोणाला मेळ नव्हता.

तेव्हा प्रेमा गोपालन यांनी स्थापन केलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने शासनाने गावोगावच्या महिला मंडळांतील बायकांची ‘संवाद सहायक’ म्हणून नेमणूक केली. हजाराच्या वर गावांत ही योजना चालली. या बायका घरोघर जाऊन माहिती सांगत, हप्त्याचे कागद समजावीत, आणि बांधकामावर देखरेख करीत. ज्या मंडळांचे काम तोवर भजन आणि हळदीकुंकू यापुरते होते, त्यांतील बाई शिडी लावून भिंतीत जोडदगड किती अंतरावर घातले ते पाहू लागली! गवंडी प्रथम चेष्टा करीत. परंतु घरात दुपारी कोण असते? काम चालू असते तेव्हा पुरुष शेतावर किंवा तालुक्याला. सिमेंट किती पडले, पाणी किती दिवस मारले, हे घरातील बाईलाच दिसते. तिला काय पाहावयाचे ते शिकविले की तिच्यासारखी देखरेख दुसरी नाही.

पुढे २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा मराठवाड्यातील याच बायकांपैकी काही जणी तिकडे गेल्या आणि आपले घर कसे गेले, पुन्हा कसे उभे केले, कोठे फसगत होते, हे त्यांनी कच्छी बायकांना सांगितले. भाषा वेगळी, पण दगड-माती तीच. गुजरातेत पुष्कळशी घरे लोकांनी शासनाचे पैसे व तांत्रिक सल्ला घेऊन स्वतःच बांधली, आणि अशा घरांत लोक अधिक समाधानी आढळले असे अभ्यासकांनी लिहिले आहे. स्वतः बांधलेल्या घरात चूल कोठे, हे विसरले जात नाही.

आता पाहणी प्रत्यक्ष कशी करावी, याविषयी थोडे. पहिली गोष्ट, भूकंपापूर्वी काय होते ते ठाऊक पाहिजे. लातूरच्या बाबतीत टाटा समाजविज्ञान संस्थेने आरंभीच मोठी पाहणी करून ठेवली होती, म्हणून पुढच्या अभ्यासकांना तुलना करता आली. पुष्कळ ठिकाणी तसे काहीच नसते आणि मग ‘फार सुधारणा झाली’ असे नुसते म्हणावयाचे.

दुसरी गोष्ट वेळेची. पाण्याची पाहणी श्रावणात करू नये, वैशाखात करावी. आणि सकाळी अकराला मोटारीतून उतरू नये, कारण पाणी पहाटे पाचला येऊन गेलेले असते. संडासाविषयी तर विचारण्यापेक्षा पाहणे बरे. पायवाट मळलेली आहे काय, दाराला आतून कडी आहे काय, कोळिष्टके आहेत काय, जवळ पाण्याचे भांडे आणि साबणाचा तुकडा आहे काय? आपल्याकडे पाहुण्याला वाईट सांगत नाहीत. “सगळं बरं हाय” असे म्हणतात आणि चहा टाकतात. त्या चहाचे पाणी कोठून आणले, हा पहिला प्रश्न विचारावा. मग पुढचे सगळे आपोआप निघते.

तिसरी गोष्ट, विचारावयाचे कोणाला? सरपंचांच्या ओसरीवर सतरंजी घालून गाव जमविले की पुढे पुरुष, मागे म्हाताऱ्या, आणि सुना मुळीच नाहीत. पाणी तर सून भरते. तिला तिच्या सासूदेखत विचारून उपयोग नाही. धुणे धुण्याच्या जागी विचारावे. विधवा, अपंग आणि दुसऱ्याच्या घरात आश्रयाला राहिलेली बाई यांच्याकडे मुद्दाम जावे लागते, कारण त्या सभेला येत नाहीत. घराचा कागद कोणाच्या नावावर आहे, हे अशाच ठिकाणी विचारावे. मुलींना अडचणीच्या दिवसांत कोठे जावे लागते, कपडा कोठे वाळतो, हा प्रश्न तर पुरुष पाहणीदार विचारूच शकत नाही, आणि विचारला तर उत्तर मिळत नाही. म्हणून त्या अहवालात ते पान कोरे राहते.

तुम्ही म्हणाल, आपण नाशिककर. आपल्याला याचे काय? तर नाशिक भूकंपाच्या नकाशावर मध्यम धोक्याच्या पट्ट्यात धरले गेले आहे. कळवण, दिंडोरी, पेठ, सुरगाणा या बाजूंना सौम्य धक्के अधूनमधून जाणवत आले आहेत, आणि आपल्या दिंडोरी रोडवरील ‘मेरी’ संस्थेत त्यांच्या नोंदींचा अभ्यास होतो. मी घाबरविण्यासाठी सांगत नाही. परंतु पंचवटीत आणि जुन्या नाशकात अजूनही माती-विटांचे, लाकडी खांबांचे जुने वाडे आहेत. पावसाळ्यात त्यांतील एखादी भिंत पडल्याची बातमी दरवर्षी वाचावयास मिळते. त्या वाड्यांतून भाडेकरू म्हणून राहणाऱ्या कुटुंबांत आपल्या काही सभासदही आहेत.

आणि भूकंप नको तर सिंहस्थ घ्या. लाखो लोक थोड्या दिवसांसाठी एके ठिकाणी राहतात; पाणी, संडास, निवारा, सगळे तात्पुरते. प्रश्न तेच. मघाच्या त्या पुस्तिकेत म्हटले आहे की सार्वजनिक ठिकाणी पुरुषांच्या एका संडासामागे बायकांसाठी तीन असावेत. पर्वणीच्या दिवशी घाटाजवळच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे प्रमाण पटवून द्यावे लागणार नाही. येत्या सिंहस्थात आपल्या मंडळाच्या चार-दोन जणींनी वही-पेन्सिल घेऊन नुसत्या रांगा मोजल्या, घड्याळ लावून, तरी महापालिकेला देण्याजोगा एक चांगला कागद तयार होईल.

मंडळाच्या साहाय्यनिधीविषयी माझी एक सूचना कार्यकारिणीपुढे आहे, ती येथे सांगण्याची परवानगी अध्यक्षाबाईंनी दिली आहे. यापुढे आपण ज्या संस्थेला पैसे देऊ तिला आधीच कळवावे की एका वर्षाने आणि पुन्हा पाच वर्षांनी आमच्या दोन सभासद येऊन पाहतील. प्रवासखर्च निधीतून घेऊ नये, तो मंडळाने निराळा काढावा. ज्या संस्थेला हे चालणार नाही तिला नमस्कार करून दुसरी शोधावी. ‘पैसे दिले, आता हिशेब कसला मागावयाचा,’ असे संकोचाने म्हणणाऱ्या भगिनी आपल्यांत आहेत. त्यांची भावना मी समजते. परंतु हिशेब पैशांचा नाही, पाण्याचा आहे. आणि तो मागावयाचा तो त्या गावच्या बाईच्या वतीने. एरवी तिला विचारावयास कोणी येत नाही.

पाहणीसाठी मी एक साधा तक्ता केला आहे. त्यात बारा प्रश्न आहेत आणि बहुतेकांची उत्तरे आकड्यांत किंवा होय-नाही अशी आहेत. प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. प्रत्येकीने एकेक न्यावी. मात्र परगावी नेण्यापूर्वी तो आपल्याच घरी वापरून पाहावा. एक प्रत घरातील पुरुषमाणसाने भरावी, एक तुम्ही, एकमेकांना न दाखविता. घरात रोज किती पाणी लागते, ते कोण भरते, सकाळी मोरी कोणाला किती वेळ अडवावी लागते, एवढेच पहिले चार-पाच प्रश्न घ्या. भरलेले तक्ते पुढच्या मासिक सभेला आणा, आपण जुळवून पाहू. आता कार्यवाहताई घड्याळाकडे पाहत आहेत, आणि अल्पोपाहाराची भांडी आल्याचा आवाज मलाही ऐकू येतो आहे.